सतरा वर्षांच्या मुलीचं फुटबॉल करिअर: पहिल्या चार-पाच वर्षांत काय मोजायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सतराची, बारावी सायन्सला, विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला चढवणारी. गेल्या वर्षी ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळली. दक्षिणेतल्या एका क्लबने तिला सीनियर संघाच्या ट्रायलला बोलावलंय, आणि दुसरीकडे एक गृहस्थ 'युरोपात ट्रायल लावून देतो' म्हणून अडीच लाख मागताहेत. कॉलेज सोडायचं का, कुणाला हो म्हणायचं, आणि प्रोफेशनल खेळाडूची सुरुवातीची वर्षं असतात तरी कशी, हे तुम्हाला हवंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. बारावीची परीक्षा द्यायची. युरोपवाल्या गृहस्थांना दुरूनच नमस्कार करायचा. आणि क्लब निवडताना जर्सीवरचं नाव बाजूला ठेवून एकच हिशेब मांडायचा: वर्षभरात पोरगी खऱ्या सामन्यात किती मिनिटं मैदानावर असेल? मी इतकी वर्षं मुलींचे संघ घडवतोय. ज्या पुढे गेल्या त्या सगळ्यात हुशार होत्या असं नाही, पण अठरा ते बावीस या वयात भरपूर खेळल्या होत्या हे नक्की.

आता त्या मिनिटांचंच गणित बघा. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातली सर्वांत वरची स्पर्धा, २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं तिची मुख्य फेरी एकाच शहरात काही आठवड्यांत उरकायची. संघ येणार, दिवसाआड सामने खेळणार आणि घरी जाणार. त्याला लीग म्हणायचं की मोठी टूर्नामेंट, हा प्रश्न आम्ही तेव्हाही विचारत होतो. २०२३-२४ पासून घरचे आणि बाहेरचे सामने सुरू झाले. २०२४-२५ मध्ये आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १४ सामने. सगळे सामने पूर्ण खेळली तरी एका मुलीची १२६० मिनिटं होतात. इंग्लंडच्या बारा संघांच्या लीगमध्ये हाच आकडा २२ सामने, १९८० मिनिटं होता, आणि त्यावर कप स्पर्धा वेगळ्या. म्हणजे आपल्याकडची सर्वांत नशीबवान खेळाडूसुद्धा तिच्या वयाच्या इंग्रज मुलीपेक्षा बरंच कमी खेळते. आणि तुमची मुलगी पहिल्या वर्षी सगळे सामने खेळणार नाही. तिच्या जागेवर बहुधा एखादी राष्ट्रीय संघातली विंगर असेल, नाहीतर घाना, युगांडा किंवा नेपाळची खेळाडू असेल. आपल्या क्लबांना परदेशी खेळाडू हव्या असतात त्या पुढच्या फळीतच, कारण गोल तिथे होतात. सहा सामन्यांत शेवटची पंधरा-पंधरा मिनिटं मिळाली तर वर्षाची कमाई नव्वद मिनिटं. एका पूर्ण सामन्याएवढी!

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने लागले की गॅलरीत पाय ठेवायला जागा नसते. पेठेतलं पोरगं सोळाव्या वर्षी त्या गर्दीपुढे खेळून तयार होतं. मुलींना हे मिळत नाही. शाळेत असेपर्यंत सुब्रतो कप, शालेय स्पर्धा, राज्याचा कॅम्प. मग दहावी-बारावी आली की सामने आटतात आणि नुसता सराव उरतो. सरावात चेंडू छान थांबवणाऱ्या मुली मी ढिगाने पाहिल्या आहेत. ऐंशीव्या मिनिटाला, एका गोलने मागे असताना, पायांत गोळे आलेले असताना काय करायचं हे सरावात शिकता येत नाही.

म्हणून त्या क्लबला विचारायचे पहिले प्रश्न पगाराचे नकोत. विंगवर सध्या कोण आहेत, किती आहेत, आणि लीग संपल्यावर संघ राज्याच्या लीगमध्ये उतरतो का, हे आधी विचारा. काही क्लब लीगपुरता संघ जमवतात आणि शेवटच्या सामन्यानंतर मुलींना ट्रेनमध्ये बसवतात. काही क्लब स्थानिक लीग, राज्य लीग, मग राष्ट्रीय लीग असं वर्ष भरवतात. दुसऱ्या प्रकारचा क्लब नावाने लहान असला तरी मी तो निवडेन. आता आयडब्ल्यूएल टू, म्हणजे इंडियन विमेन्स लीगचा दुसरा, खालचा विभागही आहे. तिथे सगळे सामने सुरुवातीपासून खेळणारी मुलगी, वरच्या विभागात बाकावर बसलेल्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी पुढे असते. माझ्याकडच्या दोघी एकाच वर्षी बाहेर पडल्या. एक गाजलेल्या संघात गेली, तिने विजेत्या संघाचं पदक आणलं आणि हंगामात एकदाही सुरुवातीच्या अकरात ती नव्हती. दुसरी खालच्या विभागात राईट बॅक, म्हणजे उजव्या बाजूची बचावपटू, म्हणून सगळं खेळली. पुढच्या वर्षी पहिलीला कुणी फोन केला नाही. दुसरीला तीन क्लबांनी केला.

आता खऱ्या करिअरकडे बघू, म्हणजे 'सुरुवातीची वर्षं' किती वेगवेगळी असू शकतात ते कळेल.

मणिपूरची बाला देवी पंधराव्या वर्षी, २००५ मध्ये, भारताच्या सीनियर संघात आली. पुढे मणिपूर पोलिसांत नोकरी, त्यांच्याच संघाकडून फुटबॉल, भारताचं कर्णधारपद, देशांतर्गत स्पर्धांत गोलांचा पाऊस. एवढं सगळं होऊन तिला परदेशी क्लबचा पहिला व्यावसायिक करार मिळाला तो जानेवारी २०२० मध्ये, ग्लासगोच्या रेंजर्सकडून, अठरा महिन्यांचा. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे जाऊन तिने ट्रायल दिली होती. परदेशात असा करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. करार झाला तेव्हा तिशी अवघ्या काही दिवसांवर होती! त्यानंतर दीड-दोन महिन्यांत कोरोनाने स्कॉटलंडचं फुटबॉल बंद पाडलं. रेंजर्ससाठी तिचा पहिला गोल झाला तो डिसेंबर २०२० मध्ये, मदरवेलविरुद्ध. मग २०२१ मध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा बंध तुटला. बालाची गोष्ट सांगताना लोक 'पहिली भारतीय' एवढ्यावर थांबतात. मला तिच्यात दिसते ती पोलिसांची नोकरी. मधली सगळी वर्षं तिला खेळात टिकवून ठेवलं ते त्या पगाराने. तिच्या आधीची बेंबेम देवी, तीही पंधराव्या वर्षीच भारताकडून खेळलेली, तीही मणिपूर पोलिसांतलीच. मणिपूरने एवढ्या मुली दिल्या त्यामागे तिथली स्थानिक स्पर्धांची परंपरा आहेच, पण खेळाडू मुलीला नोकरी देणारं खातंही आहे, हे आपल्याकडे फार कुणी बोलत नाही.

मनीषा कल्याणचा रस्ता वेगळा, आणि तुमच्या मुलीला तो जवळचा वाटेल. पंजाबात होशियारपूर जिल्ह्यातलं मुग्गोवाल हे तिचं गाव. शाळेत ती धावायची, बास्केटबॉल खेळायची. तिचा वेग बघून प्रशिक्षकाने फुटबॉलकडे वळवली. जन्म २००१ चा. २०१८-१९ मध्ये ती तमिळनाडूच्या सेतू एफसीकडून खेळली, तिथून गोकुलम केरळला गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मनौसला ब्राझीलविरुद्ध भारत ६-१ ने हरला, त्यातला आपला एकमेव गोल तिचा. विसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. तो गोल सगळ्यांनी पाहिला. मी मात्र माझ्या मुलींना त्याच्या आधीची तीन वर्षं दाखवतो: ज्या संघांत ती होती तिथे ती खेळत होती. २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोन क्लबने तिला घेतलं, १८ ऑगस्टला ती युरोपच्या विमेन्स चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथे खेळणारी पहिली भारतीय ठरली. पुढे ग्रीसच्या पाओकला गेली.

त्याच आठवड्यातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण या धंद्यातली अनिश्चितता तिच्याइतकी कशातूनच कळत नाही. १६ ऑगस्ट २०२२ ला फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. मनीषाचा जुना संघ गोकुलम तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. मुली हॉटेलात, किट तयार, आणि खेळायची परवानगी नाही. निलंबन उठलं २६ तारखेला, तोवर संधी गेली होती. मनीषा महिनाभर आधी क्लब बदलून गेली म्हणून ती खेळली, आणि तिच्या मैत्रिणी न खेळता परत आल्या. त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई करंडकात भारताने इराणशी बरोबरी केली, आणि पुढच्या सामन्याला संघात इतक्या जणी कोरोनाने आजारी की तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. घरच्या मैदानावरची स्पर्धा तिथेच संपली. यात मुलींचा काय दोष? काहीच नाही. पण विशीतलं एक वर्ष गेलं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेच्या ॲलेक्स मॉर्गनला जानेवारी २०११ मध्ये तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्यात, सर्वांत आधी निवडलं गेलं. तिच्या संघाने त्याच वर्षी विजेतेपद मिळवलं. आणि २०१२ मध्ये लीगच बंद पडली. पुढची लीग सुरू झाली २०१३ मध्ये, तीत सर्वांत कमी पगार होता हंगामाला सहा हजार डॉलर. अमेरिकेत! तेवढ्यात भाडं भागत नसल्याने अनेक खेळाडू स्थानिक कुटुंबांकडे पाहुण्या म्हणून राहायच्या. ऑस्ट्रेलियाची सॅम कर, जिचे वडील कोलकात्यात जन्मले, पंधराव्या वर्षी पर्थच्या संघातून खेळायला लागली आणि पुढे बरीच वर्षं तिने ऑस्ट्रेलियाचा हंगाम संपला की अमेरिकेचा, अमेरिकेचा संपला की ऑस्ट्रेलियाचा असं केलं. दोन्ही देशांतले हंगाम वेगवेगळ्या महिन्यांत येतात त्याचा फायदा. पैसे मिळाले, मिनिटंही मिळाली. विश्रांती मात्र गेली, आणि पायाच्या मोठ्या दुखापतीही त्याच काळात झाल्या. आपल्याकडे दोन-तीन राज्यांच्या लीग जोडून वर्ष भरणाऱ्या मुली हेच करतात, फक्त विमानाऐवजी स्लीपर कोचने. मात्र नोंदणीचे नियम बघून करा. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडू ज्या क्लबकडे असते, त्याच्या परवानगीशिवाय दुसरीकडे खेळली तर बंदी येते.

आता युरोपवाले गृहस्थ.

फिफाचा नियम असा की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे बदली होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, किंवा युरोपीय संघातल्या देशांमध्ये सोळा ते अठरा वयाची बदली असेल, असे. सांगली जिल्ह्यातल्या सतरा वर्षांच्या मुलीला यातला एकही लागू नाही. हा नियम किती कडक आहे ते कोलंबियाच्या लिंडा कायसेदोवरून बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालचा विश्वकरंडक आपल्याकडे झाला. तिचा संघ मडगावला उपांत्य फेरीत नायजेरियाला पेनल्टीवर हरवून नवी मुंबईला अंतिम सामना खेळायला आला आणि स्पेनकडून एका स्वयंगोलने हरला. ती चौदाव्या वर्षापासून कोलंबियाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होती, सगळ्या जगाचे क्लब तिच्यावर डोळा ठेवून होते. तरी रेआल माद्रिदशी तिचा करार जाहीर झाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये, अठरावा वाढदिवस उलटल्यावर दोन दिवसांनी. रेआल माद्रिदला जिथे थांबावं लागलं तिथे तुमच्या गृहस्थांकडे कुठली किल्ली आहे?

एजंट म्हणून काम करायला फिफाचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते, नाव टाका आणि तपासा. अल्पवयीन खेळाडूशी परवानाधारक एजंटनेही बोलायचं तर ती पहिला व्यावसायिक करार करू शकेल त्या वयाच्या सहा महिने आधीपासूनच, आणि तेही पालकांच्या लेखी संमतीने. आणि एजंटाची कमाई ही झालेल्या करारातल्या पगाराच्या टक्क्यांतून होते. जो करार होण्याआधी रोख मागतो तो एजंट नसून सहल कंपनी आहे. तिकडे नेऊन एखाद्या गावाबाहेरच्या मैदानावर सराव सामना खेळवतात, दोन फोटो काढतात आणि परत पाठवतात. अशा फोटोंवर समाजमाध्यमांत अभिनंदनाचा वर्षाव होतो, करिअर काही होत नाही. मुलगी अठराची झाली, लीगमध्ये दोन हंगाम खेळली, तिचे पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ जमले, की मग परदेशाचा विचार करा. पूर्ण सामने म्हणतोय. दोन मिनिटांच्या गाणं लावलेल्या तुकड्यांवर विचारी क्लब निर्णय घेत नाही. चेंडू नसताना मुलगी काय करते हे त्यांना बघायचं असतं.

शिक्षणाचा रस्ताही बाहेर नेतो, हे विसरू नका. भारताची गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडला लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात आली.

म्हणून बारावी. अडचण खरी आहे: बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि २०२४-२५ ची लीग जानेवारी ते एप्रिल चालली. नेमका मोसम भिडतो. क्लबला आधीच सांगा की परीक्षेपुरती सुट्टी हवी, आणि ते करारात लिहून घ्या. बहुतेक क्लब देतात. न दिली तर या वर्षी राज्य लीग आणि दुसऱ्या विभागातला संघ बघा. एक वर्षाने काही बिघडत नाही. विंगरचं वय सतराव्या वर्षी संपत नाही. सायन्स झेपत नसेल तर शाखा बदला, पुढे पदवीला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नियमित कॉलेज जमलं तर आंतरविद्यापीठ स्पर्धाही मिळते, म्हणजे पुन्हा सामने. आणि नोकरी? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि सशस्त्र दलांत खेळाडूंची भरती होते. राष्ट्रीय संघाची संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात आहे. जुलै २०२५ मध्ये चियांग माईला थायलंडविरुद्ध तिनेच दोन्ही गोल करून भारताला आशियाई करंडकाची पात्रता मिळवून दिली, तीही एसीएलच्या दुखापतीतून परतून. यातल्या बऱ्याच नोकऱ्यांना बारावी किंवा पदवी लागते, आणि मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्रही. सीनियर राष्ट्रीय स्पर्धा, जिला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात, त्यात महाराष्ट्राकडून खेळण्याची संधी आली तर क्लबने कितीही नाक मुरडलं तरी ती सोडू नका. ते प्रमाणपत्र जन्मभर कामाला येतं. फाइल करा, मूळ प्रत कुणाला देऊ नका.

पैशाचं स्पष्ट बोलू. २०२३ मध्ये महासंघाने ठरवलं की वरच्या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. चांगली गोष्ट. पण संघात दहाहून कितीतरी जास्त मुली असतात. तेव्हा 'तुमच्या क्लबचा पगार किती' असं विचारू नका, 'माझ्या मुलीचा करार त्या दहांत आहे का' असं विचारा. नसेल तर स्टायपेंड किती, किती महिने, कुठल्या तारखेला, हे लेखी घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या करारावर तुमचीही सही लागेल आणि फिफाच्या नियमाप्रमाणे तो तीन वर्षांपेक्षा लांब नको. पहिल्यांदा मी तर एकाच हंगामाचा करा म्हणेन. चांगली खेळली तर पुढच्या वर्षी तिची किंमत वाढेल, आणि बसवून ठेवली तर निघता येईल. राहायची सोय, मेसचं जेवण, प्रवासखर्च कुणाचा, हेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम ज्याच्याकडे कुणी बघत नाही: खेळताना गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू राहणार का? विमा आहे म्हणाले तर पॉलिसीची प्रत मागा.

गुडघ्यावरून शरीरावर येतो, कारण सुरुवातीची करिअर्स मी सर्वांत जास्त इथेच संपताना पाहिली आहेत. एसीएल हा गुडघ्यातला बंध. तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा किमान दुप्पट. कारणं अनेक सांगतात: मांडी-नितंबाच्या स्नायूंची ताकद, उडी मारून उतरण्याची पद्धत, खराब मैदानं, पुरुषांच्या पायावर बेतलेले बूट. यातलं तुमच्या हातात काय? फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, वीस मिनिटांचा, खास साहित्य लागत नाही. नियमित करणाऱ्या संघांत दुखापती तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्या दिसल्या आहेत. मैदानाला दोन फेऱ्या मारून हात-पाय हलवले की झाला वॉर्म-अप, ही आपली जुनी सवय मोडा. आणि दुर्दैवाने एसीएल गेलंच तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतू देऊ नका, क्लब, निवड समिती, मामा-काका कुणीही घाई करो.

दुसरी गोष्ट आई म्हणून तुम्हीच बघू शकता. पाळी. जास्त सराव आणि कमी खाणं यामुळे पाळी लांबते, मग बंद होते, आणि मुली म्हणतात बरं झालं, सामन्यात कटकट नाही. हे बरं नाही. शरीर इंधन वाचवतंय याची ती खूण आहे. पाठोपाठ हाडं कमजोर होतात, नडगीला बारीक तडे जातात, सारखी सर्दी-ताप. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या आणि खेळते हे सांगा. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वर्षातून दोनदा तपासा. आपल्याकडच्या मुलींत लोह कमी असणं नेहमीचं, आणि दुसऱ्या हाफला दम लागतो म्हणून प्रशिक्षक आळशी ठरवतात. हॉस्टेलवर गेल्यावर सकाळचा नाश्ता बुडतो, हा नेमाने घडणारा प्रकार. सरावानंतर अर्ध्या-पाऊण तासात पोटात काहीतरी हवं: अंडी, दूध-केळं, शेंगदाणा लाडू, उसळ-भाकरी. महागड्या पावडरचे डबे लागत नाहीत. आणि कुठल्याही अनोळखी पावडरीत बंदी घातलेला पदार्थ निघू शकतो, तो धोका वेगळाच.

जास्त खेळण्याचंही एक टोक असतं. मी एवढा वेळ मिनिटांचा जप करतोय, म्हणून हे सांगणं माझं कर्तव्य. ती कायसेदो २०२२ या एकाच वर्षात सीनियर कोपा अमेरिका, वीस वर्षांखालचा विश्वकरंडक आणि सतरा वर्षांखालचा विश्वकरंडक अशा तीन स्पर्धा खेळली. पंधराव्या वर्षी कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि उपचार झालेली मुलगी. २०२३ च्या विश्वकरंडकात सरावादरम्यान ती छाती धरून खाली बसली. थकवा आणि ताण असं कारण सांगितलं गेलं. चार दिवसांत ती जर्मनीविरुद्ध खेळली आणि अप्रतिम गोल केला, म्हणून सगळे विसरले. तुमच्या मुलीला शाळा, जिल्हा, राज्य, क्लब असे चार प्रशिक्षक असतील आणि प्रत्येकाला ती ताजी हवी असेल. तिच्या आठवड्याची वही घरात कुणीतरी ठेवा: किती सराव, किती सामना, किती झोप. आठवड्याला एक दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून एकदा तीन-चार आठवडे चेंडूला हात नाही, म्हणजे पाय नाही.

राहता राहिली ट्रायल. जाऊ द्या तिला, अनुभव म्हणूनही हरकत नाही. नवे बूट घालून नको, वापरलेले घाला. आधार कार्ड, जन्मदाखला, नोंदणी क्रमांक आणि स्पर्धांच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स सोबत. ती विंगर आहे ना, मग 'कुठेही खेळेन' असं पहिल्या दिवशी म्हणू नये, आपली जागा सांगावी. पण प्रशिक्षकाने बॅकला उभं केलं तर तोंड पाडू नये. विंगर मुलींना फुलबॅक, म्हणजे कडेची बचावपटू, करून पाहण्याची हल्ली रीतच आहे आणि त्या जागेवर बाकावरची गर्दी कमी असते. चेंडू गेला की लगेच मागे धावणं, आणि मैदानावर तोंडाने बोलणं, या दोन गोष्टी ट्रायल घेणारे लिहून घेतात. भाषेचं काय, असं ती विचारेल. हिंदी-इंग्रजी मिसळून चालतं, 'मॅन ऑन' (मागे कुणी आहे), 'टाइम' (वेळ आहे), 'स्विच' (दुसऱ्या बाजूला दे) एवढं सगळीकडे सारखंच. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः सोबत जा, राहायची जागा आणि मुलींची वॉर्डन डोळ्यांनी बघा, आधीपासून तिथे असलेल्या एक-दोन मुलींना पगार वेळेवर होतो का ते हळूच विचारा. आणि परतीचं तिकीट ट्रायलच्या शेवटच्या दिवसाचं काढू नका. ज्या मुली आवडतात त्यांना सराव सामन्यासाठी अजून एक-दोन दिवस थांबवून घेतात.